पहिलं पुस्तक पुरं हवं

कुमारवयीन वाचकांसाठीच्या अद्भुतकथा आता बहुतेक मालिकेतच येतात. तीन खंड, पाच खंड, कधी सात. पहिलं पुस्तक हातात घेतानाच वाचकाला ठाऊक असतं की मागे आणखी रांग उभी आहे. या रांगेला माझा विरोध नाही. एखादं जग आवडलं की तिथे पुन्हा जावंसं वाटतंच, आणि तो आनंद मी स्वतः भरपूर घेतला आहे. माझा आग्रह पहिल्या पुस्तकापुरता आहे. त्याने जो प्रश्न उभा केला तो त्यानेच सोडवावा. बारा ते सोळा वर्षांच्या वाचकाला शेवटच्या पानावर अधांतरी सोडायचं आणि पुढचं हवं असेल तर पुढचा खंड घ्या म्हणायचं, ही त्या वाचकाची फसवणूक आहे. पालकांनी, ग्रंथपालांनी आणि पुस्तकांवर लिहिणाऱ्यांनी ती मुकाट्याने चालवून घेऊ नये.

माझी भाची नववीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिने अशाच एका मालिकेचा पहिला खंड वाचला, पाचशेच्या वर पानांचा. जेवताना पुस्तक ताटाशेजारी, झोपताना उशीखाली. शेवटच्या पानावर एक दार उघडतं, दारात कुणीतरी उभं असतं आणि पुस्तक संपतं. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मावशी, हे संपलंच नाही गं. आता दुसरा आणावा लागणार." दुसरा खंड वाचनालयात नव्हता, आणि विकत घ्यायचा तर आईकडे पैसे मागायचे होते. मला त्रास झाला तो तिच्या आवाजातल्या शांतपणाचा. ती चिडली नव्हती. पुस्तकं अशीच असतात, एवढी पानं वाचल्यावर आपल्याला शेवट मिळायलाच हवा असं काही नसतं, हे तिने मान्य करून टाकलं होतं.

तिला मी माझ्याकडचं एक जुनं पुस्तक दिलं आणि त्यानिमित्ताने मीही ते पुन्हा वाचलं. उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', पहिली आवृत्ती १९६८. याच पुस्तकाच्या आधाराने मी हे सगळं म्हणते आहे, कारण मालिकेतलं पहिलं पुस्तक कसं असावं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

त्याची जन्मकथाही या विषयाला धरूनच आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये पार्नासस प्रेस नावाची छोटी प्रकाशनसंस्था होती. तिचे प्रकाशक हर्मन शाइन यांनी १९६७ मध्ये ले ग्विन यांना थोड्या मोठ्या मुलांसाठी काहीतरी लिहा असं सुचवलं. विषयाचं बंधन नव्हतं. ले ग्विन तोवर मोठ्यांसाठीच लिहीत होत्या. अर्थसी या काल्पनिक जगातल्या बेटांवर घडणाऱ्या त्यांच्या दोन छोट्या कथा १९६४ मध्ये एका मासिकात येऊन गेल्या होत्या, तेवढंच. पुढे त्यांनी सांगितलं आहे की जादूगार म्हटला की पांढऱ्या दाढीचा म्हाताराच डोळ्यांपुढे येतो, मग हे म्हातारे तरुणपणी कसे असतील, ती विद्या ते शिकले कुठे, असा विचार मनात आला आणि तिथून पुस्तक सुरू झालं. एक प्रश्न, आणि तो पुरेल एवढी गोष्ट. दहा प्रकरणं, दोनशेच्या आसपास पानं.

पहिल्याच पानावर ले ग्विन एक गोष्ट करतात, ती आजच्या मालिकांमध्ये करायला कुणी सहसा धजणार नाही. गाँट नावाच्या डोंगराळ बेटावर जन्मलेला हा मुलगा पुढे ड्रॅगनांशी बोलणारा आणि सगळ्या जादूगारांचा प्रमुख झाला, त्याच्यावर गाणी रचली गेली, हे त्या आधीच सांगून टाकतात. ही गोष्ट मात्र ती गाणी रचली जाण्याआधीची आहे, असंही सांगतात. म्हणजे नायक जगतो की मरतो, हा वाचकाला खिळवून ठेवायचा सगळ्यात स्वस्त उपाय त्यांनी पहिल्या परिच्छेदातच टाकून दिला. तो जगणार आहे हे ठाऊक असूनही आपण पानं उलटत राहतो. कशासाठी, याचं उत्तर पुढच्या काही पानांत मिळतं.

त्या मुलाचं लहानपणीचं नाव डनी. आई तो वर्षाचा व्हायच्या आत गेलेली, बाप गावातला तांबट, कमी बोलणारा. मावशी गावची चेटकीण, थोडेफार मंत्र, थोडी झाडपाल्याची माहिती. मुलगा सात वर्षांचा असताना एक बकरी छपरावर चढून बसते आणि खाली यायला तयार नसते. मावशी काहीतरी शब्द ओरडते आणि बकरी उतरते. दुसऱ्या दिवशी डोंगरावर बकऱ्या चारताना मुलगा तेच शब्द ओरडून पाहतो. सगळ्या बकऱ्या येतात. आवाज नाही, गडबड नाही, पिवळ्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत येतात. त्याला हसू येतं, तो पुन्हा ओरडतो. त्या आणखी जवळ येतात, त्याला खेटून उभ्या राहतात. आता त्याला भीती वाटते. तो पळतो, आणि त्याही त्याच्याबरोबर पळतात, सगळ्यांना मिळून एकच दोरी बांधल्यासारख्या. डोंगरावरून गावापर्यंत हा कळप त्या पोराला मध्ये घेऊन धावत येतो. गावातली माणसं शिव्या घालतात, हसतात. शेवटी मावशी येऊन मंत्र सोडवते.

हा प्रसंग मोजून दोन-तीन पानांचा आहे. पण अख्खं पुस्तक त्यात आहे. बोलवता येतं, परत पाठवता येत नाही. आपण हाक मारली आणि जे आलं ते आता अंगाला खेटून उभं आहे, त्याचं काय करायचं? पुढे हा मुलगा रोक बेटावरच्या जादूगारांच्या शाळेत जातो. जास्पर नावाच्या मोठ्या मुलाशी त्याची चुरस लागते आणि ईर्ष्येच्या भरात तो एका रात्री हजार वर्षांपूर्वी मेलेल्या एका राणीला हाक मारतो. ती क्षणभर दिसतेही. पण तिच्याबरोबर जगाला पडलेल्या फटीतून एक काळी सावली बाहेर उडी घेते आणि त्याचा चेहरा ओरबाडते. ती फट बुजवताना शाळेचा म्हातारा प्रमुख आपली सगळी शक्ती खर्चून मरतो. बकऱ्यांचाच प्रसंग, फक्त आता हसायला कुणी नाही आणि सोडवायला मावशी नाही.

मला सांगायचंय ते हे. सातव्या वर्षी उभा राहिलेला प्रश्न पुढे शाळेत पुन्हा उभा राहतो, आणि दहाव्या प्रकरणात, त्याच पुस्तकात, त्याला उत्तर मिळतं. गेडने (हे त्याचं खरं नाव; या जगात ज्याचं खरं नाव कळलं त्याच्यावर ताबा मिळतो) आधी सावलीपासून पळून पाहिलेलं असतं. मग त्याचा पहिला गुरू ओगियन त्याला सांगतो की पळायचं थांबव, तोंड फिरव आणि तूच तिच्या मागे लाग. शिकारी आणि सावज यांची जागा बदलते. शेवटी जगाच्या पूर्वेला, जिथे नकाशा संपतो तिथे, समुद्राच्या पाण्याचीच वाळू झाल्यासारख्या जागी दोघं समोरासमोर येतात. सावली रूपं बदलत जवळ येते: बापाचं, जास्परचं, आणखी कुणाकुणाचं. आणि मग दोघंही एकमेकांना एकाच वेळी एकाच नावाने हाक मारतात. गेड. होडीत बसलेला मित्र व्हेच हे पाहतो. त्याला कळतं की आपला मित्र जिंकला नाही आणि हरलाही नाही, तो पुरा झाला.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कॉलेजात होते. पुस्तक मिटल्यावर आणखी काही हवं असं वाटलं नाही, त्या वेळी मालिकेत पुढे काही आहे हेही मला माहीत नव्हतं. आता वाचताना लक्षात आलं की त्या शेवटासाठी केवढ्या मोहांवर पाणी सोडलेलं आहे. ड्रॅगनचंच बघा. पेंडॉर बेटावरचा म्हातारा ड्रॅगन पाचव्या प्रकरणात येतो, पुस्तकाच्या अगदी मधोमध. गेड त्याचं खरं नाव ओळखतो, म्हणून त्याला आपल्या शब्दात बांधू शकतो. ड्रॅगन सौदा मांडतो: तुझ्या मागे लागलेल्या सावलीचं नाव मी तुला सांगतो. गेडला त्या क्षणी जगात दुसरं काहीच नको असतं. पण ज्या गरीब बेटांनी त्याला रखवालीला ठेवलं आहे त्यांच्याकडे हा ड्रॅगन आणि त्याची पिल्लं कधीच फिरकणार नाहीत, एवढंच वचन तो मागतो, आणि स्वतःचं उत्तर तिथेच सोडून परत येतो. दुसऱ्या कुणी इथे निदान तीन खंड उभे केले असते. ड्रॅगनाचा सूड, सावलीच्या नावाचा शोध, पेंडॉरचा खजिना, सगळा माल तयार होता. ले ग्विन यांनी तो एका प्रकरणात वापरला आणि पुढे गेल्या.

पुढच्या पुस्तकाचं बी मात्र याच पुस्तकात पडलेलं आहे, आणि ते कसं पडलं हे बघण्यासारखं आहे. होडी फुटून गेड एका ओसाड वाळूच्या बेटावर लागतो. तिथे दोन म्हातारी माणसं राहतात, भाऊ आणि बहीण, लहानपणापासून तिथेच टाकून दिलेली, जगाची भाषा विसरलेली. म्हातारी त्याला आपल्याकडचं सगळ्यात मौल्यवान देते: कडं मोडून उरलेला एक तुकडा. तो काय आहे हे गेडला कळत नाही, तो घेतो आणि पुढे जातो. पहिल्या पुस्तकात त्या तुकड्यावर काहीच अवलंबून नाही. तो प्रसंग त्या दोन म्हाताऱ्यांच्या एकटेपणाचा आहे आणि तेवढ्यानेच भरलेला आहे. १९७१ मध्ये दुसरं पुस्तक आलं, 'द टूम्ब्स ऑफ अटुआन', तेव्हा कळलं की तो तुकडा म्हणजे एका प्राचीन कड्याचा अर्धा भाग, आणि दुसरा अर्धा शोधणं हे त्या पुस्तकाचं काम. पुढचं पुस्तक वाचणाऱ्याला जास्तीचं मिळतं, न वाचणाऱ्याचं काही राहत नाही. मालिका अशी विणता येते, हे १९६८ मध्येच करून दाखवलेलं आहे.

मग आज पहिला खंड अर्धवट का सुटतो? लेखकांच्या अंगात कमी ताकद आहे असं मला वाटत नाही. कारण व्यवहारात आहे. पुस्तकाची जाहिरात, मुखपृष्ठ, प्रकाशन समारंभ, सगळा खर्च पहिल्या खंडावर होतो. दुसरा खंड सहसा पहिल्यापेक्षा कमी खपतो, कारण पहिला वाचलेल्यांपैकीच काही जण तो घेतात. करार मात्र बहुतेक वेळा तीन पुस्तकांचा असतो. अशा वेळी वाचकाला बांधून ठेवायचा सोपा मार्ग म्हणजे त्याला शेवट न देणं. संपादक तसं सुचवतात, लेखक तसं लिहितात, आणि हळूहळू ती रीत होऊन बसते. यात दुष्ट कुणी नाही. पण या हिशेबात एक माणूस मोजलेलाच नाही, आणि तो म्हणजे ज्याच्या हातात पहिलाच खंड पडला आहे असा वाचक. पहिला खंड अपेक्षेइतका खपला नाही तर पुढचे येतच नाहीत, आणि त्या वाचकाला कुणी पत्र लिहून शेवट कळवत नाही.

बाजार पुस्तकाला काय करू शकतो याचा अनुभव अर्थसीलाही आला. गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे, व्हेच काळासावळा आहे, त्या जगातली बहुतेक माणसं सावळी आहेत आणि गोरे ते परके. ले ग्विन यांनी हे ठरवून लिहिलं, आणि ते वाचकाला एकदम न सांगता, नायक आवडायला लागल्यावर, हळूच कळू दिलं. पण कित्येक आवृत्त्यांच्या मुखपृष्ठांवर गोराच मुलगा छापला गेला, कारण सावळा नायक खपत नाही असा समज. २००४ मध्ये अमेरिकेतल्या एका वाहिनीने मालिका काढली तीही गोऱ्या गेडची, आणि ले ग्विन यांनी तिचा जाहीर लेखी निषेध केला. माझ्या भाचीला मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. वाचता वाचता ती मध्येच म्हणाली, "हा आपल्यासारखा दिसतो." एवढंच म्हणाली आणि पुढे वाचायला लागली.

माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप येईल तो टॉल्कीन यांच्या नावाने. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पहिला खंड कुठे संपतो? मंडळी फुटतात आणि वाटा वेगळ्या होतात. दुसरा खंड तर नायक शत्रूच्या हाती लागल्यावर थांबतो, आणि १९५४ च्या नोव्हेंबरपासून १९५५ च्या ऑक्टोबरपर्यंत वाचक तसेच ताटकळले. खरं आहे. पण टॉल्कीन यांच्या लेखी ती एकच कादंबरी होती. युद्धानंतरच्या काळात कागद महाग, एवढं मोठं पुस्तक एकदम छापायचा धोका मोठा, म्हणून प्रकाशकांनी तिचे तीन भाग केले. अडचणीतून झालेली ती विभागणी पुढच्या लोकांनी नमुना म्हणून उचलली. एक कादंबरी तीन बांधण्यांत येणं आणि तीन पुस्तकांची मालिका असणं यांत फरक आहे. पहिल्या प्रकारात मला काही खटकत नाही. मात्र तसं असेल तर ते मुखपृष्ठावर लिहा.

दुसरा आक्षेप आपल्या घरातला आहे आणि जास्त वजनदार आहे. क्रमशः वाचायची सवय मराठी वाचकाला जुनी आहे. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यातून हप्त्याहप्त्याने आली. लोक पुढच्या अंकाची वाट बघत बसायचे आणि त्या वाट बघण्यातही सुख होतंच. मान्य. पण साप्ताहिक घेणाऱ्याला आपण हप्ता घेतो आहोत हे ठाऊक असायचं. हप्त्याची किंमत हप्त्याएवढी असायची आणि पुढचा अंक ठरल्या दिवशी दारात यायचा. पाचशे पानांचा, बांधीव, स्वतःचं नाव असलेला ग्रंथ घेणाऱ्याने स्वतःला हप्ता घेणारा का समजावं?

आणि परंपरेकडे जायचंच असेल तर मी वेताळाकडे जाईन. 'चांदोबा' वाचत वाढलेल्या आमच्या पिढीला विक्रमाची वाट पाठ आहे. राजा प्रेत खांद्यावर घेतो, वेताळ गोष्ट सांगतो, प्रश्न विचारतो, राजा उत्तर देतो, मौन मोडतं आणि वेताळ परत झाडावर. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. महिनोन् महिने हे ओढ लावत राहिलं, आणि तरी एकही गोष्ट अर्धवट सुटली नाही. प्रत्येक वेळी प्रश्न पुरा, उत्तरही पुरं. एखादा अंक हुकला तरी पोराचं काही अडत नव्हतं. उलट अंक मिळाला नाही तर ती गोष्ट शेजारच्या मुलाकडून ऐकता यायची, कारण तिला सुरुवात आणि शेवट होता, ती सांगता यायची. अर्धवट खंडाची गोष्ट दुसऱ्याला सांगून बघा, जमत नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. नायक तोच, उपद्व्याप दरवेळी नवा, कुठलंही पुस्तक आधी उचला. मालिका म्हणजे ओढ आणि ओढ म्हणजे अर्धवटपणा, हे समीकरण आपल्याकडे कधीच नव्हतं.

कुणी असंही म्हणेल की शेवट उघडा ठेवणं ही साहित्यातली मोठी कला आहे, मुलांनाही ती कळू दे. अगदी कळू दे. फिलिप पुलमन यांच्या 'नॉर्दर्न लाइट्स'च्या (१९९५) अखेरीस नायिका लायरा आभाळात उघडलेल्या वाटेने दुसऱ्या जगात चालत जाते. पुढे काय होणार ते अजिबात माहीत नाही. तरीही ते पुस्तक पुरं आहे, कारण ज्या मित्राला सोडवायला ती उत्तरेकडे निघाली होती त्याचं काय झालं हे आपल्याला कळलेलं आहे, आणि त्याची किंमत तिला कळलेली आहे. तिचा एक प्रवास संपलाय म्हणून ती दुसऱ्याला निघू शकते. उघडा शेवट आणि नसलेला शेवट यांतला फरक मुलांना आपल्यापेक्षा लवकर कळतो. आपण त्यांना विचारत नाही एवढंच.

पुऱ्या पुस्तकाचा आणखी एक फायदा आहे आणि तो लेखकाला होतो. अर्थसीची पहिली तीन पुस्तकं १९६८, १९७१ आणि १९७२ ची. मग अठरा वर्षं काही नाही. आणि १९९० मध्ये 'तेहानू'. या अठरा वर्षांत ले ग्विन स्वतः बदलल्या होत्या. पहिल्या पुस्तकात बायकांना फारशी जागा नाही हे त्यांनाच खुपायला लागलं होतं. खरंच नाही. रोकच्या शाळेत सगळे मुलगे, सगळे गुरू पुरुष. बायकांची जादू कमजोर आणि कपटी अशी त्या बेटांवर म्हणच आहे. ज्या मावशीने पहिला मंत्र शिकवला ती अडाणी ठरते आणि मागे पडते. मला हे पुस्तक फार प्रिय आहे, आणि ही त्याची उणीव मला दर वाचनात जास्त टोचते. 'तेहानू'मध्ये ले ग्विन त्याच जगात परत गेल्या आणि एका मध्यमवयीन विधवेच्या व भाजलेल्या लहान मुलीच्या बाजूने ते जग पाहिलं. गेड आता शक्ती गमावलेला, बकऱ्या राखणारा माणूस. स्वतःच्याच पहिल्या पुस्तकाशी इतक्या मोकळेपणी भांडणं त्यांना जमलं, कारण ते पुस्तक पुरं होऊन बाजूला झालं होतं. अर्धवट सोडलेला धागा पकडूनच पुढे जायची सक्ती नव्हती. आज पहिल्या खंडात टांगून ठेवलेलं दुसऱ्या-तिसऱ्या खंडात फेडत बसणाऱ्या तरुण लेखकांना हा मोकळेपणा मिळत नाही, आणि त्यात त्यांचंच नुकसान आहे.

आता आपल्याकडच्या परिस्थितीविषयी, कारण हा प्रश्न आपल्याला जास्त जाचतो. अमेरिकेतल्या मराठी घरातलं मूल सार्वजनिक ग्रंथालयात नाव नोंदवून अख्खी मालिका एकेक करून मागवू शकतं. आपल्याकडे १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, अ, ब, क, ड असे वाचनालयांचे वर्ग आहेत, गावोगावी वाचनालयं आहेत आणि ती चालवणारी माणसं तुटपुंज्या अनुदानात जिवाचं रान करतात. त्या अनुदानात कुमारांसाठीच्या अद्भुतकथेचे पाच खंड कुठून बसायचे? देणगीत आलेला पहिला खंड असतो, कधी नुसता तिसरा असतो. अनुवादाचंही तसंच: पहिला खंड मराठीत येतो, चालला नाही तर पुढचे येत नाहीत. तालुक्याच्या गावातल्या मुलीच्या हातात मालिकेतलं एकच पुस्तक पडण्याची शक्यता सगळ्यात जास्त, आणि ते पहिलं असण्याची शक्यता त्यातल्या त्यात बरी. जिला पुढचे खंड कधीच मिळणार नाहीत, तिच्यासाठी ते एक पुस्तक म्हणजेच मालिका. अशा मुलीच्या हातात आपण काय देतो हा प्रश्न मला पुण्या-मुंबईच्या पुस्तकप्रदर्शनांतल्या विक्रीपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

आणि या वयात शेवटाला एक खास मोल असतं. तेराव्या वर्षी मोठं पुस्तक एकट्याने पुरं करणं ही साधी गोष्ट नाही. दोनशे पानांपूर्वी केलेली एक आगळीक कशी वळणं घेत परत दारात येते, हे मूल तिथे पहिल्यांदा संपूर्ण पाहतं. बकऱ्यांना घातलेली हाक आणि समुद्रावरची शेवटची हाक यांचं नातं माझ्या भाचीला कुणी समजावून दिलं नाही. पुस्तक मिटल्यावर ती पुन्हा पहिलं प्रकरण काढून बसली होती. कुठल्याही अर्धवट खंडाचं पहिलं प्रकरण कुणी असं पुन्हा उघडत नाही. पुढच्या खंडाची जाहिरात शोधतो.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. कुमार वाचकांसाठी मराठीत मालिका लिहिणाऱ्यांनी आणि अनुवादासाठी मालिका निवडणाऱ्यांनी आधी एवढंच विचारावं: हे पहिलं पुस्तक एकटं उभं राहतं का? राहत नसेल तर सगळे खंड आणायची तयारी असल्याशिवाय त्याला हात घालू नये. वाचनालयांच्या पुस्तकनिवड समित्यांनी तुटपुंजे पैसे खर्च करताना पुरी पुस्तकं आधी घ्यावीत. पुस्तकांवर लिहिणाऱ्यांनी पहिल्या खंडाचं कौतुक करताना गोष्ट संपते की नाही हे वाचकाला स्पष्ट सांगावं, पाने आणि किंमत सांगतो तसंच. पालकांनी मुलाला पहिलं पुस्तक आवडलं म्हणून पुढचा संच आणून त्याच्या अंगावर टाकू नये, आणि त्याने पहिल्यावरच थांबायचं ठरवलं तर "पुरं वाचायचं नाही तर सुरू कशाला केलंस?" असं म्हणू नये. पुरं पुस्तक वाचलेल्या मुलाने पुरंच वाचलेलं असतं. प्रकाशकांनी अर्धवट खंडाच्या मुखपृष्ठावर, मालिकेच्या नावाखाली, एक ओळ छापावी: या खंडात कथा पूर्ण होत नाही. त्यामुळे विक्री कमी होईल असं ते म्हणतील. काही पुस्तकांची होईल, आणि ज्यांची होईल ती पुस्तकं कोणती हे त्यानिमित्ताने सगळ्यांना कळेल. 'अर्थसी'च्या पहिल्या पुस्तकावर अशी ओळ कधीच छापावी लागली नसती, आणि तरीही तिच्या वाचकांनी ले ग्विन यांच्याकडून पुढची पाच पुस्तकं २००१ पर्यंत आनंदाने घेतली.